शेजाऱ्याच्या घरातलं भांडण आणि इकोवास

अक्रावाला | रविवार, सकाळी १०:१२

परवा व्हॉट्सॅपवर एका शाळासोबत्याशी वाजलं. त्याचं म्हणणं, एखाद्या देशात यादवी पेटली तर आजूबाजूच्या देशांनीच बसून मिटवावी, संयुक्त राष्ट्रं आणि अमेरिका कशाला हवी? शेजाऱ्याला घरातलं सगळं ठाऊक असतं. मी म्हटलं, ठाऊक असतं हीच तर अडचण आहे. तिथे चार ओळींत मावेना, म्हणून इथे धागा काढतोय.

मी २००२ ते २००५ घानाच्या राजधानीत, अक्राला नोकरीला होतो. (अक्रानंतर बारा कधी वाजतात, हा विनोद झालेला आहे. नवीन असेल तर सांगा.) शहरातून केप कोस्टच्या रस्त्याला लागलं की वाटेत बुडुबुराम लागायचं. नावाला निर्वासितांची छावणी, पण पाहायला गेलं तर सिमेंटच्या विटांची घरं, चर्च, शाळा, फोनच्या टपऱ्या असलेलं गावच. १९९० पासून लायबेरियाचे लोक तिथे राहत होते. ऑफिसातला एक जण तिथला, त्याच्याबरोबर दोन-चारदा गेलो. तिथल्या न्हाव्याच्या दुकानात पहिल्यांदा कळलं की 'इकोमॉग' या आद्याक्षरांचा लोकांनी लावलेला अर्थ 'एव्हरी कार ऑर मूव्हिंग ऑब्जेक्ट गॉन' असा आहे. जे जे हलतं ते ते गायब! नंतर समजलं की हा विनोद अख्ख्या लायबेरियाला पाठ आहे. न्हावी हसत हसत सांगत होता, आणि त्याच दमात म्हणाला की ते आले नसते तर आम्ही कोणी इथवर पोचलोच नसतो.

इकोमॉग म्हणजे इकोवासची फौज. आणि इकोवास म्हणजे पश्चिम आफ्रिकी देशांचा आर्थिक समुदाय. २८ मे १९७५ ला पंधरा देशांनी लागोसमध्ये करार करून तो स्थापन केला. हेतू काय, तर जकात कमी करायची, व्हिसाशिवाय ये-जा व्हावी, व्यापार वाढावा. पुढे १९७८ ला 'एकमेकांवर हल्ला करणार नाही' आणि १९८१ ला 'कोणावर हल्ला झाला तर मदतीला धावू' असे दोन करार झाले खरे, पण ते फडताळातच पडून होते.

२४ डिसेंबर १९८९ ला बंडखोरांचा म्होरक्या चार्ल्स टेलर आपली माणसं घेऊन आयव्हरी कोस्टच्या बाजूने लायबेरियात घुसला. सहा-सात महिन्यांत तो राजधानी मनरोव्हियाच्या वेशीवर. आत सत्तेवर होता सॅम्युएल डो, १९८० च्या बंडात राष्ट्राध्यक्ष टोलबर्टना मारून गादीवर आलेला सार्जंट. ऑगस्ट १९९० मध्ये सद्दामने कुवेत घेतलं आणि जगाचे डोळे तिकडे लागले. मनरोव्हियात उपासमार, रस्त्यावर प्रेतं, हजारो घानेयन आणि नायजेरियन नागरिक अडकलेले, सिएरा लिओन आणि गिनीत निर्वासितांचे लोंढे. तेव्हा बांजूलमध्ये पाच देशांच्या एका मध्यस्थी समितीने ठरवलं की फौज पाठवायची. २४ ऑगस्टला सुमारे तीन हजार सैनिक मनरोव्हियाच्या बंदरात उतरले. सेनापती घानाचे जनरल आर्नोल्ड क्वेनू, पण बहुतेक सैनिक आणि बहुतेक खर्च नायजेरियाचा.

आता यातली सोयरीक बघा. आयव्हरी कोस्टचे म्हातारे अध्यक्ष हुफुएट-ब्वान्यी यांची मानलेली मुलगी टोलबर्टच्या मुलाला दिलेली. डोने सासरा मारला, नंतर जावईही मारला. त्यामुळे टेलरला आयव्हरी कोस्टमधून वाट मिळाली यात नवल नाही. बुर्किना फासोने माणसं आणि शस्त्रं पुरवली. उलट नायजेरियाचे जनरल बाबांगिडा हे डोचे दोस्त. म्हणजे ज्या संघटनेच्या नावाने शांतिसेना उतरली, तिचेच सभासद दोन्ही बाजूंना रसद पुरवत होते! फ्रेंच भाषक देश म्हणत होते की त्या समितीला असा अधिकारच नाही, आणि कागद काढून पाहिले तर त्यांचं अगदीच चुकत नव्हतं.

पुढचा प्रसंग वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. ९ सप्टेंबर १९९० ला डो लवाजमा घेऊन इकोमॉगच्या मुख्यालयात आला. पाठोपाठ टेलरपासून फुटलेला प्रिन्स जॉन्सन आपली टोळी घेऊन आला, त्याने डोचे अंगरक्षक तिथेच गोळ्या घालून मारले आणि डोला उचलून नेलं. शांतिसेनेच्या अंगणातून! छळ करून मारलं आणि त्याचं चित्रीकरणही केलं. त्यानंतर क्वेनू गेले, नायजेरियाचे जनरल डोगोन्यारो आले, आणि फौज शांतता राखायचं सोडून सरळ टेलरशी लढायला लागली. मग डझनभर करार. शेवटी १९९७ च्या निवडणुकीत टेलरच जवळजवळ ७५ टक्के मतं घेऊन राष्ट्राध्यक्ष झाला. 'माझ्या आईला मारलं, बापाला मारलं, तरी मत त्यालाच' अशा अर्थाच्या घोषणा देत लोकांनी मतं दिली, कारण हरला तर पुन्हा लढेल ही भीती. तरीही १९९९ ला दुसरं युद्ध सुरू झालंच.

ते मिटलं अक्रात, मी तिथे असताना. ४ जून २००३ ला टेलर वाटाघाटींना आला आणि त्याच दिवशी सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाने त्याच्यावरचं आरोपपत्र उघड केलं. पाहुण्याला पाटावर बसवलाय आणि दारात वॉरंट! घानाने त्याला न पकडता परत जाऊ दिलं. त्या वेळी मला हा शुद्ध भेकडपणा वाटला होता, आता तसं वाटत नाही. यजमानच बेड्या घालणार असेल तर पुढच्या वेळी बोलणी करायला कोण येईल?

जुलैत बोलणी रखडली. प्रतिनिधी हॉटेलात, मनरोव्हियावर तोफगोळे. मग शांततेची चळवळ चालवणाऱ्या लेमा बोवी यांच्याबरोबर लायबेरियन बायका, त्यात बुडुबुरामच्याही, सभागृहाच्या दारातच बसल्या. करार झाल्याशिवाय कोणी बाहेर पडायचं नाही. अटक करायला लोक आले तेव्हा बोवी अंगावरचे कपडे उतरवायला लागल्या. आईच्या जागी असलेल्या बाईने असं करणं हा तिकडे पुरुषाला मोठा शाप. मध्यस्थ होते नायजेरियाचे माजी लष्करी राष्ट्रप्रमुख अब्दुलसलामी अबुबकर. त्यांनी बायकांची बाजू घेतली आणि प्रतिनिधींना परत आत बसवलं. ११ ऑगस्टला टेलर सत्ता सोडून नायजेरियातल्या कालाबारला गेला, १८ ला करार झाला. बोवींना २०११ चं नोबेल मिळालं. टेलरला २०१२ मध्ये पन्नास वर्षांची शिक्षा झाली, ती सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी.

तर माझं म्हणणं एवढंच, की शेजारी हा पंच नसतो, भाऊबंद असतो. तो सगळ्यांच्या आधी धावतो कारण धूर त्याच्या नाकात जातो. आणि त्याचा कोणीतरी आतेभाऊ त्या घरात असतोच. वेळेवर येणं आणि तटस्थ नसणं, दोन्हीचं मूळ एकच. तुम्हांला काय वाटतं?

---

टिवल्याबावल्या | १०:३१

पहिला! वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

सुमेधा_त | ११:०५

छान लिहिलंयस. डोचा प्रसंग माहीत नव्हता.

एक शंका. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत प्रादेशिक संघटनांवर वेगळं आठवं प्रकरण आहे ना? कलम ५२ म्हणतं की स्थानिक तंटे आधी प्रादेशिक पातळीवर सोडवायचा प्रयत्न करा. पण ५३ म्हणतं की सुरक्षा परिषदेच्या परवानगीशिवाय बळाचा वापर नाही. मग १९९० ला परवानगी कुठे होती?

---

अक्रावाला | ११:४०

नव्हतीच, सुमेधाताई. फौज ऑगस्टमध्ये उतरली आणि सुरक्षा परिषदेने कौतुकाचं निवेदन काढलं जानेवारी १९९१ मध्ये. लग्न आधी, मुहूर्त नंतर. शस्त्रबंदीचा ठराव तर नोव्हेंबर १९९२ चा, क्रमांक ७८८. पुढे १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक इकोमॉगच्या जोडीला गेले. दुसऱ्या संघटनेच्या फौजेबरोबर संयुक्त राष्ट्रांनी मोहीम चालवायची ही पहिलीच वेळ.

या सगळ्या सव्यापसव्यातून १९९९ च्या डिसेंबरात लोमेमध्ये इकोवासने नीट नियमावली केली. मध्यस्थी आणि सुरक्षा परिषद, ज्येष्ठांची परिषद, धोक्याची आगाऊ सूचना देणारी यंत्रणा, सगळं कागदावर आणलं. ही नियमावली झाली तेव्हा आफ्रिकी संघ जन्मायचा होता. २००१ मध्ये पुरवणी जोडली की घटनाबाह्य मार्गाने आलेली सत्ता मान्य नाही. पैशाची सोय म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर अर्धा टक्का समुदाय कर. हा भाग मला फार हुशारीचा वाटतो, कारण एरवी वर्गणी मागत फिरावं लागतं आणि देणारा देश आपली अट घालतो. (भरणा मात्र सगळे वेळेवर करत नाहीत. आपल्या सोसायटीचा मेंटेनन्स आठवा.)

---

साताऱ्याचा_फौजी | दुपारी १:२०

सिएरा लिओनचं नाव घेतलंत म्हणून लिहितो. मी स्वतः तिथे नव्हतो, पण माझ्या ओळखीचे होते.

तिथे १९९७ च्या मे महिन्यात बंड झालं, राष्ट्राध्यक्ष कब्बा पळाले. फेब्रुवारी १९९८ मध्ये इकोमॉगने, म्हणजे नायजेरियाच्या फौजेने, बंडवाल्यांना राजधानी फ्रीटाउनमधून हुसकलं आणि मार्चमध्ये कब्बांना परत बसवलं. गंमत बघा, तेव्हा नायजेरियात स्वतः हुकूमशहा सानी अबाचा! घरात लष्करशाही आणि शेजारी लोकशाहीची पुनर्स्थापना. ६ जानेवारी १९९९ ला बंडखोर पुन्हा फ्रीटाउनमध्ये घुसले, तिथे हातपाय तोडण्याचे जे प्रकार झाले ते लिहवत नाहीत.

मग संयुक्त राष्ट्रांची फौज आली आणि तिचे सेनापती आपले मेजर जनरल विजयकुमार जेटली. मे २००० मध्ये बंडखोरांनी शांतिसैनिक शेकड्यांनी ओलीस धरले. कैलाहूनला आपल्या गुरख्यांना वेढा पडला तो अडीच महिने, जुलैमध्ये 'ऑपरेशन खुकरी' करून त्यांना बाहेर काढलं. पण त्याहून मोठी भानगड नंतरची. जेटलींचं एक गोपनीय टिपण फुटलं. त्यात नायजेरियाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांवर हिऱ्यांच्या व्यवहारात बंडखोरांशी साटंलोटं असल्याचा आरोप होता. नायजेरिया भडकला, आरोप साफ नाकारले. शेवटी भारताने आपली तुकडीच परत बोलावली.

तेव्हा मेसमध्ये चर्चा व्हायची की लांबून आलेला सैनिक सहा महिन्यांनी, वर्षाने घरी जातो. त्याला तिथल्या खाणीत काही नको असतं. पण त्याला तिथल्या वाटाही माहीत नसतात. तुमच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, मात्र एक जोडतो. नायजेरियाचे शेकडो जवान या दोन देशांत मेले. आद्याक्षरांच्या विनोदात ते येत नाहीत.

---

अक्रावाला | १:५५

फौजीसाहेब, शेवटचं वाक्य लागलं. खरं आहे. धाग्यात ते यायला हवं होतं.

---

बिनकामाचा_न्यायाधीश | २:३०

एवढं सगळं ठीक, पण हे सगळं फ्रान्स आणि अमेरिकेच्या तालावर चालतं हे का लिहीत नाही? इकोवास वगैरे मुखवटे आहेत. २०२३ ला नायजरमध्ये काय झालं ते बघा. युरेनियमसाठी युद्ध करायला निघाले होते.

---

अक्रावाला | ३:४८

न्यायाधीश महाराज, निम्मं मान्य. पण १९९० मध्ये मुखवट्याच्या मागे कोणीच नव्हतं, नेमकी तीच तर बोंब होती. नायजरचं मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण इकोवासचं कंबरडं तिथेच मोडलं.

त्याआधीचं थोडं. ऑगस्ट २०२० ला मालीत बंड, मे २०२१ ला पुन्हा. सप्टेंबर २०२१ ला गिनी. २०२२ मध्ये बुर्किना फासोत दोनदा. दर वेळी सभासदत्व स्थगित, निर्बंध, मुदत, मुदतवाढ. मालीवर जानेवारी २०२२ मध्ये निर्बंध लावले ते फार जिव्हारी लागणारे होते. आठ देशांचं चलन एक, त्यांची मध्यवर्ती बँक एक, ती सेनेगलच्या डाकारला. मालीचे त्या बँकेतले पैसेच गोठवले. सहा महिन्यांनी उठवले, पण मालीची राजधानी बामाकोच्या रस्त्यावर लोक लष्करशहांच्या बाजूने उतरले ते उतरलेच.

मग २६ जुलै २०२३. नायजरचे निवडून आलेले अध्यक्ष मोहम्मद बाझूम यांना त्यांच्याच अंगरक्षक दलाचा प्रमुख जनरल चियानी याने घरात कोंडलं. नायजेरियाचे राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबू नुकतेच, ९ जुलैला, इकोवासचे अध्यक्ष झाले होते. ३० जुलैला अबुजात बैठक झाली आणि सात दिवसांची मुदत दिली: बाझूमना सोडा, नाहीतर बळही वापरू. दुसऱ्याच दिवशी माली आणि बुर्किना म्हणाले की नायजरवर हल्ला म्हणजे आमच्यावर युद्ध.

माझ्या मते सगळी चूक त्या सात दिवसांत आहे. तलवार उपसायची नसेल तर मुठीवर हात ठेवू नये. नायजेरियाची सात राज्यं नायजरला लागून आहेत, दोन्हीकडे हौसा जमातीची माणसं, एकाच घरातल्या मुली इकडून तिकडे दिलेल्या. उत्तरेच्या सिनेटरांनी टिनुबूंना साफ सांगितलं की युद्ध नको, आणि सिनेटने पाठिंबा दिला नाही. मुदत ६ ऑगस्टला संपली आणि काहीच झालं नाही. फौज गेली नाही, पण सीमा बंद, पैसा बंद, वीज बंद. नायजरची सुमारे ७० टक्के वीज नायजेरियातून यायची. अंधारात कोण बसलं? चियानी नाही.

सप्टेंबरात माली, बुर्किना आणि नायजर या तिघांनी साहेल देशांची (साहेल म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा पट्टा) आघाडी काढली, २८ जानेवारी २०२४ ला इकोवास सोडल्याची घोषणा केली. पुढच्याच महिन्यात इकोवासने बहुतेक निर्बंध मागे घेतले, म्हणजे नुसती घोषणा झाल्याबरोबर. २९ जानेवारी २०२५ ला तिघं अधिकृतपणे बाहेर. फ्रान्सबद्दलचा राग यात मोठा होता, हे तुमचं निम्मं बरोबर. लोकांना इकोवास म्हणजे पॅरिसचा कारकून वाटायला लागला होता.

---

निफाडकर | सायंकाळी ५:१०

राजकारणात मला गम्य नाही, पण नायजरचा कांदा मला माहीत आहे. गालमी नावाचं गाव आहे तिथे, त्या नावाचा जांभळा कांदा सगळ्या पश्चिम आफ्रिकेत जातो. बियाण्याच्या संदर्भात वाचलं होतं. सीमा बंद झाल्यावर त्या शेतकऱ्यांचं काय झालं असेल ते मला विचारा! निर्यातबंदीचा निर्णय कोणीही, कुठल्याही उदात्त हेतूने घेवो, चाळीत सडतो तो कांदाच.

---

अक्रावाला | ५:२६

निफाडकर दादा, मानलं! अक्रात आगबोगब्लोशीला कांद्याचा मोठा बाजार होता, व्यापारी बहुतेक उत्तरेकडचे, हौसा बोलणारे. गोणीत नायजरचाच कांदा. मी आईला फोनवर सांगायचो की इथे नाशिकसारखा कांदा मिळतो.

२०२३ ला बेनिन आणि नायजर यांच्यामधला गाया-मालानव्हिलचा पूल बंद झाला. नदीवरचा एक पूल, आणि मागे ट्रकांची मैलोगणती रांग. बुर्किनाच्या रस्त्याने जायचं तर जिहादी टोळ्या. म्हणजे ज्या संघटनेने पन्नास वर्षांपूर्वी 'माल मुक्तपणे जाऊ द्या' म्हणून संसार मांडला, तिनेच शिक्षा म्हणून रस्ता अडवला. दुसरं हत्यार तिच्या हातात आहे तरी कुठलं?

---

गणिती | ५:४४

छोटी दुरुस्ती, म्हणजे पुरवणी. पंधरा मूळ सभासद, मग केप व्हर्डे आलं म्हणून सोळा, २००० मध्ये मॉरिटानिया गेलं म्हणून पुन्हा पंधरा, आणि आता हे तीन गेले म्हणून बारा. चुकलं असेल तर सांगा.

---

टिवल्याबावल्या | ५:५०

अक्राच्या धाग्यावर शेवटी बारा वाजलेच!!!

---

अक्रावाला | ५:५२

हा नवीन होता. गुण दिले.

---

काळे_मास्तर | रात्री ८:१५

चर्चा आवडली. मी दुसऱ्या टोकाचं उदाहरण देतो, आसियान, म्हणजे आग्नेय आशियाई देशांची संघटना. १९६७ ला बँकॉकमध्ये स्थापना. तिथला रिवाज असा की कोणाच्या घरात डोकवायचं नाही, सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय ठराव नाही, आणि चारचौघांत कोणाचा पाणउतारा नाही.

थायलंड आणि कंबोडियाचं प्रेह विहेअर मंदिरावरचं भांडण घ्या. १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मंदिर कंबोडियाला दिलं. २००८ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं आणि पुन्हा जुंपली. २०११ मध्ये इंडोनेशियाने आसियानचा अध्यक्ष म्हणून दोघांना बसवलं, इंडोनेशियन निरीक्षक पाठवायचं ठरलं, पण ते सीमेवर कधी पोचलेच नाहीत. जुलै २०२५ मध्ये पाच दिवस खरी लढाई झाली. २८ जुलैला पुत्रजयात मलेशियाचे पंतप्रधान अन्वर इब्राहिम यांनी दोघा पंतप्रधानांना शेजारी उभं करून शस्त्रसंधी करवली. ट्रम्पसाहेबांनी आयातशुल्काची धमकी दिली नसती तर ते दोघं आले असते का, हे तुम्हीच ठरवा. डिसेंबरात पुन्हा तोफा सुरू झाल्या.

म्यानमारबद्दल तर बोलायलाच नको. तिथल्या लष्करी बंडानंतर एप्रिल २०२१ मध्ये पाच कलमी सहमती झाली आणि तेव्हापासून सहमतीच चालू आहे.

तरीही माझा कौल आसियानला. इकोवासने दरवाजा फोडला म्हणून तीन जण घर सोडून गेले. आसियानमधून अजून कोणी गेलेलं नाही. रडतखडत का होईना, भांडणारे एका टेबलाशी बसतात.

---

सुमेधा_त | ८:४०

मास्तर, असहमत. टेबलाशी बसतात हे खरं, पण म्यानमारमध्ये ज्यांच्या गावावर बॉम्ब पडतात त्यांना त्या टेबलाचा काय उपयोग? मनरोव्हियात निदान जहाज तरी आलं.

आणि अक्रावाला, तुझं 'शेजारी भाऊबंद असतो' हे गांबियाला लागू पडत नाही. तिथे सगळं सुरळीत झालं की! सेनेगलसुद्धा तटस्थ नव्हताच.

---

हिंदुत्ववीर_९६ | ८:५२

सार्कचं काय मग?

---

बिनकामाचा_न्यायाधीश | ८:५५

प्रतिसाद काढून टाकला आहे

---

अक्रावाला | ९:३०

धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत दोन ओळींत आटपतो. सार्कच्या १९८५ च्या सनदेतलं दहावं कलम वाचा: निर्णय एकमताने, आणि द्विपक्षीय किंवा वादग्रस्त विषय चर्चेतून वगळलेले. म्हणजे भांडण मिटवण्यात सार्क नापास झाली असं म्हणता येत नाही, कारण ती त्या परीक्षेलाच बसलेली नाही. हे आपल्याला हवं होतं म्हणूनच तसं लिहिलं गेलं. सगळ्या शेजाऱ्यांशी आपली सीमा, त्यांची एकमेकांशी जवळजवळ नाहीच. सगळे मिळून आपल्यालाच धारेवर धरतील ही भीती दिल्लीला होती. शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४, काठमांडू. विषय संपला.

सुमेधाताई, गांबियाचा मुद्दा बिनतोड आहे. त्यावर तेव्हापासून विचार करतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: याह्या जामेह १९९४ पासून सत्तेवर. १ डिसेंबर २०१६ च्या निवडणुकीत हरला, फोन करून अदामा बॅरोचं अभिनंदन केलं, आणि आठवड्याभरात फिरला, निकाल अमान्य! इकोवासचे चार-पाच राष्ट्रप्रमुख समजूत घालायला गेले, फुकट. १९ जानेवारी २०१७ ला बॅरोचा शपथविधी डाकारमधल्या गांबियाच्या वकिलातीत झाला. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेचा ठराव २३३७, आणि त्याच संध्याकाळी सेनेगलच्या फौजा सीमा ओलांडून आत. मग फौजा थांबवल्या, गिनी आणि मॉरिटानियाचे अध्यक्ष बोलायला गेले, आणि २१ तारखेला जामेह विमानात बसला. लढाई जवळजवळ झालीच नाही.

का जमलं? देश चिमुकला, तीन बाजूंनी सेनेगल. सगळ्या शेजाऱ्यांचं एकमत, कारण जामेहने प्रत्येकाला कधी ना कधी चावून ठेवलं होतं. निवडून आलेला माणूस हातात होता. आणि मुख्य म्हणजे फौज खरंच निघालेली दिसत होती. तेव्हा माझं वाक्य दुरुस्त करतो. शेजारी तटस्थ नसला तरी चालतं, सगळे शेजारी एकाच बाजूला हवेत. लायबेरियात दोन तट होते, नायजरच्या वेळीही दोन तट पडले. गांबियात जामेहच्या बाजूने कोणीच नव्हतं.

पण लहान देशावर जोर चालतो आणि मोठ्यावर चालत नाही, ही टोचणी उरतेच. उद्या नायजेरियातच बंड झालं तर इकोवासची फौज कुठून येणार?

---

साताऱ्याचा_फौजी | १०:०२

त्याला जोडून. डिसेंबर २०२५ मध्ये बेनिनमध्ये बंडाचा प्रयत्न झाला तेव्हा काही तासांत नायजेरियाची विमानं गेली आणि इकोवासने राखीव दलाच्या तुकड्या पाठवल्या. या वेळी सात दिवसांची मुदत वगैरे दिली नाही. शिकले म्हणायचे. फौजी भाषेत सांगायचं तर बंड पहिल्या दिवशी मोडतं, नाहीतर मग वाटाघाटीच.

---

काळे_मास्तर | १०:१०

बेनिनच्या अध्यक्षांनी स्वतः मदत मागितली होती, हा फरकही मोठा आहे. बाझूम कोंडलेले होते.

---

अक्रावाला | १०:१८

बरोबर, मास्तर. आणि गांबियात इकोवासची फौज 'थोड्या दिवसांसाठी' गेली होती, ती कित्येक वर्षं तिथेच आहे. पाहुणा कधी जाणार हे विचारायचं धाडस बॅरोंना होत नाही, किंवा तो राहिलेलाच त्यांना बरा वाटतो. त्यावर कधीतरी वेगळा धागा.

---

निफाडकर | १०:४१

अवांतर: गांबियात मतदान गोट्यांनी होतं असं कुठेतरी वाचलं होतं. खरं का? खेळायच्या गोट्या?

---

अक्रावाला | १०:५५

खरं आहे, दादा. काचेच्या गोट्या. प्रत्येक उमेदवाराचा वेगळ्या रंगाचा पत्र्याचा पिंप, त्यावर फोटो. मतदार आडोशाला जाऊन नळीतून गोटी टाकतो, आत घंटी वाजते. एकदाच वाजली पाहिजे, दोनदा वाजली की बाहेरचे अधिकारी कान टवकारतात. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही जमावं म्हणून साठच्या दशकापासून ही पद्धत. संध्याकाळी पिंप रिकामे करून गोट्या भोकाभोकांच्या फळ्यांवर ओततात. एका फळीत दोनशे किंवा पाचशे भोकं. फळी भरली की तेवढी मतं. जामेह बावीस वर्षांनी हरला तो या फळ्यांवरच.